रंग भरणारं कासव

बाबांच्या दुकानातल्या टेबलाच्या कडेला एक कासव होतं आणि ते माझं होतं. एवढं साधं वाक्य मांडायला मी बावन्नाव्या वर्षी सात फूट उंचीचं चित्र करायला घेतलं, आणि ते वाक्य साफ खोटं आहे असं म्हणत माझा सख्खा भाऊ एका रविवारी सकाळी हातात करवत घेऊन दारात उभा राहिला.

कासव म्हणजे खरंखुरं नव्हे. बाबा पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रशावरचा जास्तीचा रंग पुसायची टेबलाच्या कडेला एक ठरलेली जागा होती. तिथे रंगावर रंग बसत बसत तीसेक वर्षांत अर्ध्या नारळापेक्षा थोडा मोठा, टणक उंचवटा तयार झाला होता. पाठ फुगीर, एका बाजूला पुढे आलेलं डोकं, खाली पायांसारखे ओघळ. ते लहान होतं तेव्हापासून, आम्ही नीट बोलायला लागायच्या आधीपासून त्याचं नाव कासव होतं.

आणि ते काही नुसतं बसून खाणारं कासव नव्हतं. सकाळी शाळेत जाताना आम्ही दुकानात डोकावायचो, तेव्हा टेबलावरच्या पाटीवर बाबांनी अक्षरांच्या नुसत्या कडा आखलेल्या असायच्या, आत कोरं. संध्याकाळी परत आलो की तीच अक्षरं काठोकाठ भरलेली. "बाबा, कोणी भरलं?" म्हटलं की बाबा पेन्सिल कानावर खोचून अगदी गंभीरपणे म्हणायचे, "मी फक्त कडा आखतो. भरायचं काम कासवाचं." शाळेत जाताना आम्ही त्याच्यासमोर अर्धं बिस्कीट ठेवायचो आणि संध्याकाळपर्यंत ते फस्त झालेलं असायचं. इतका भक्कम पुरावा असल्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

मला एकटीला बाबांनी याहून मोठी गोष्ट सांगितली होती. मी जन्मले त्या दिवशी ते एका बियाण्यांच्या दुकानाची पाटी करत होते. निरोप आला तसे ते हातातला हिरवा ब्रश टेबलाच्या कडेला पुसून हॉस्पिटलकडे धावत सुटले. तो पहिला हिरवा पट्टा म्हणजे कासवाचा जन्म. "तुझ्याबरोबर जन्मलंय ते," बाबा म्हणायचे, "कोणाला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं मी ही गोष्ट पोटात ठेवली. परीक्षेत नापास झाले तेव्हा, लग्न मोडलं तेव्हा, शाळेत चित्रकला शिकवताना मुख्याध्यापकांनी माझा तास काढून गणिताला दिला तेव्हा, प्रत्येक वेळी मी मनात म्हटलं की असू दे, माझ्याबरोबर एक कासव जन्मलंय. हसू येईल कोणाला. मला तेवढ्यावर दिवस काढता आले.

आता मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि चित्रं करते. कागद, कापड, रंग, मोडक्या वस्तू असं सगळं एकमेकांवर चिकटवून. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. टिल्लू भंगारकाम म्हणतो. टिल्लू म्हणजे हाच तो करवतवाला भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, सहा फूट उंच आणि डोक्यावर एक केस नाही. तो दातांच्या कवळ्या बनवतो. लोकांच्या तोंडात खोटे दात बसवणाऱ्या माणसाने माझ्या कामाला भंगार म्हणावं, पण जाऊ दे.

एका कलादालनाने मला प्रदर्शनात अख्खी भिंत दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा. मी ठरवलं, मी कशातून झाले ते त्या भिंतीवर सांगायचं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, मालकाला दुकानाची खोली महिनाअखेर परत हवी होती, म्हणून मी तिथेच काम मांडलं. पाटीवर अक्षरं उतरवायला बाबा भोकं टोचलेले कागद वापरायचे. त्यावरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की खाली ठिपक्यांची अक्षरं उमटायची. असे शेकडो कागद माळ्यावर निघाले. ते जोडून मी टेबलामागच्या भिंतीवर बाबांची सात फुटी आकृती केली. अंगात त्यांचा रंगांनी कडक झालेला सदरा, डोळ्यांच्या जागी डब्यांची दोन झाकणं, छातीवर मोडकी फूटपट्टी. उजवा हात तेवढा राहिला होता. तो हात ब्रश पुसायला कासवाकडे गेलेला दाखवायचा आणि तिथे खरं कासव, टेबलाच्या फळीसकट, अख्खं बसवायचं. प्रदर्शनाला अकरा दिवस होते.

मी हे सगळं उत्साहाने टिल्लूला फोनवर सांगितलं, जन्माच्या गोष्टीसकट.

"ताई," तो म्हणाला, "ते कासव माझ्याबरोबर जन्मलंय."

"काय?"

"लाल. औषधांच्या दुकानाची पाटी होती. बाबांनी मला सांगितलंय. कोणाला सांगू नकोस म्हणाले होते म्हणून मी बोललो नाही."

फोनवर आम्ही लहानपणी भांडायचो तसेच भांडलो, फक्त झिंज्या धरता येत नव्हत्या इतकंच. त्याच्या तर आता उरल्याही नाहीत. शेवटी तो म्हणाला, "कापून बघू. तळाला हिरवा निघाला तर तुझं, लाल निघाला तर माझं. माझ्याकडे बारीक पात्याची करवत आहे, प्लास्टर कापायची. एक कपचा उडणार नाही."

मी हो म्हणाले, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मला खरंच भीती वाटत होती. तळाला लाल निघाला तर माझं चित्र म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीवर उभं केलेलं सोंग ठरणार होतं, आणि चित्राचं सोडा, इतकी वर्षं ज्याच्या आधारावर मी स्वतःला कोणीतरी समजत आले ते माझं नव्हतंच, असं व्हायचं होतं.

तर तो रविवार. टिल्लू करवत घेऊन आला, आणि बरोबर आईलाही घेऊन आला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला रिकामं बसणं जमत नाही म्हणून तिने पिशवीतून मटार आणले होते. बाबांच्या उंच स्टुलावर नको म्हणाली, दारापाशी उलट्या डब्यावर बसली आणि शेंगा सोलायला लागली. माझ्या सात फुटी बाबांकडे तिने मान वर करून एकदाच बघितलं.

"बरेच उंच केलेस," ती म्हणाली.

"प्रतीक आहे ते, आई."

"असू दे असू दे."

मी टिल्लूला म्हटलं, "कापायचं ते नंतर. आधी तू टेबलापाशी उभा राहा. मला बाबांच्या हाताचा कोन हवाय." टिल्लूची अंगलट बाबांचीच आहे. त्याच्या मागे मोठा कागद धरून कोळशाने हाताभोवती रेघ मारायची, असा माझा बेत होता.

"सरळ उभा राहा. पोट आत."

"बाबांना पोट होतं."

"तुझ्याएवढं नव्हतं."

खरं वाटावं म्हणून मी त्याच्यासमोर टेबलावर एक जुनी पाटी ठेवली, उजव्या हातात ब्रश दिला आणि तो पाण्यात बुडवायला लावला. "आता अक्षर भर. आणि आता ब्रश कासवावर पूस."

टेबल डावीकडे भिंतीला टेकलेलं आहे आणि कासव त्याच डाव्या टोकाला, पुढच्या कडेवर. टिल्लूने उजवा हात पोटावरून आडवा डावीकडे नेला. ब्रशातून पाणी टपटपत अख्ख्या पाटीवर सांडलं.

"अरे गाढवा, ओला ब्रश पाटीवरून नेऊ नकोस!" मी ओरडले.

ओरडले आणि मीच दचकले, कारण ते वाक्य माझं नव्हतं, बाबांचं होतं. त्यांच्या धंद्याचा तो पहिला नियम. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाला त्यांनी आधी तेच शिकवलं आणि ज्याला ते जमलं नाही त्याला घरी पाठवलं.

"मग नेऊ कुठून?" टिल्लू वैतागला. त्याने टेबलाला वळसा घालून बघितला, तर डावीकडे भिंत. एक पाऊल मागे जाऊन पाठ फिरवून बघितली. "हे असं बाबा दिवसातून दोनशे वेळा करत होते? पाटी रंगवत होते का कवायत?"

"नीट उभा राहा. तुला जमत नाहीये."

"तूच उभी राहा मग."

मी उभी राहिले. मलाही जमेना. आणि तेवढ्यात माझी नजर टेबलाच्या उजव्या टोकाकडे गेली. तिथे टेबलामागच्याच भिंतीत एक खिळा होता आणि त्याच्या खाली भिंत सगळ्या रंगांनी माखून काळपट झाली होती. तिथे बाबांचं फडकं असायचं. ते ब्रश त्या फडक्याला पुसायचे. ही गोष्ट मी हजारदा बघितली होती. मग कासवावर ब्रश पुसताना मी त्यांना कधी बघितलं होतं? मी डोळे मिटून आठवलं. चित्र स्पष्ट दिसलं. बाबा, वाकलेली मान, पुढे गेलेला हात. पण त्या चित्रातले बाबा सात फूट उंच होते. ते मीच काढलेलं होतं.

टिल्लूने गंमत म्हणून ब्रश डाव्या हातात घेतला. हात खाली सोडला आणि ब्रश आपसूक कासवाच्या पाठीवर टेकला.

"हे बघ, असं बरोबर बसतं," तो म्हणाला. "पण बाबा काही डावखुरे नव्हते."

दारापाशी मटार सोलण्याचा आवाज थांबला होता. आम्ही दोघांनी एकदम वळून बघितलं. आईच्या उजव्या हातात वाडगा होता आणि डाव्या हातात अर्धी उघडलेली शेंग.

"आई?" टिल्लू म्हणाला.

"मग काय," आई म्हणाली, "कासव भरत होतं होय रे अक्षरं?"

मी बाबांचं स्टूल ओढून बसले. आई शेंग सोलत राहिली आणि आज भाजी कुठली करायची हे सांगावं तितक्या साधेपणाने तिने सांगितलं. कडा बाबा आखायचे, त्यांचा हात त्यात होता. भरायचा मात्र त्यांना कंटाळा, आणि घाई केली की रंग कडेबाहेर जायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती डबा घेऊन दुकानात आली, एक अक्षर भरून बघू का म्हणाली, आणि तिचा हात बाबांपेक्षा स्थिर निघाला. तेव्हापासून ती रंग भरायला दुकानात यायची, पुढे आम्ही शाळेत गेलो की यायची आणि शाळा सुटायच्या आत हात धुऊन घरी गेलेली असायची.

"पण लपवायचं कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"लोकांना पेंटरचा हात हवा असायचा. बायकोने रंग भरलाय म्हटल्यावर सगळ्यांना कडा वाकड्या दिसायला लागल्या असत्या. आणि तुम्ही पोरं म्हणजे गावभर दवंडी. तुम्हाला सांगणं म्हणजे चौकात पाटी लावणं."

"म्हणून कासव."

"ते यांचं डोकं. मला आवडलं ते. बरं होतं की." ती जराशी हसली. "अर्धं बिस्कीट मिळायचं चहाबरोबर. दिवसभरात मला आठवणीने कोणी दिलेलं तेवढंच एक असायचं."

मला मात्र बाबांचा राग आला, इतका की भिंतीवरची ती आकृती ओरबाडून काढावीशी वाटली. पाटीच्या कोपऱ्यात त्यांची झोकदार सही असायची, आणि रस्त्याने जाताना ते आम्हाला बोट दाखवून सांगायचे, ती बघा आपली पाटी. आपली! मी हे बोलून दाखवलं.

"सही करायच्या आधी ब्रश माझ्यापुढे धरायचे ते," आई म्हणाली. "मीच नको म्हणायचे."

"दरवेळी धरायचे?"

"सुरुवातीला दरवेळी. मग आपलं कधी कधी."

ते मला पूर्ण पटलं नाही. अजूनही पटत नाही.

"म्हणजे हिरवा पण नाही आणि लाल पण नाही," टिल्लू म्हणाला. "दोघांनाही टोपी घातली बाबांनी."

"तुम्ही दोघंही नव्हतात तेव्हापासूनचं आहे ते," आई म्हणाली. "निळा असेल तळाला. सायकलवाल्याची पाटी होती. कापायचंय ना? काप. मलाही बघायचंय."

मला वाटलं टिल्लू आता कचरेल, पण तो म्हणाला, "तुझं आहे आई, तू म्हणशील तसं," आणि त्याने चष्म्यावर कवळ्यांच्या कामाचं भिंग चढवलं. पाऊण तास तो इंचाइंचाने कापत होता. करवतीखालून रंगीत भुसा पडत होता आणि जुन्या तेलाचा वास सुटला होता. मधे एकदा आई म्हणाली, "जोर लावू नको रे, त्याला दुखेल," आणि तिघंही हसलो. शेवटी पुढचा अर्धा भाग अलगद टिल्लूच्या हातात आला.

मी आयुष्यभर रंग बघत आलेय, पण असं काही बघितलं नव्हतं. कांदा आडवा कापल्यासारखे थरावर थर, शेकडो, केसाइतके बारीक, मधेच एखादा जाड. आणि अगदी तळाला, लाकडाला चिकटून, निळा.

आई उठून आली. पदराने हात पुसून तिने बोट थरांवर ठेवलं आणि खालून वर वाचायला लागली. माझ्या मनात कासवाच्या रंगांचा एक इतिहास तयार होता. पिवळा म्हणजे माझी पहिली रंगपेटी वगैरे. त्यातला एकही खरा नव्हता. "हा पिवळा गाडी शिकवणाऱ्याचा. हा चॉकलेटी बेकरीचा, तीनदा करून मागितला मेल्याने. हा तू पोटात होतीस तेव्हाचा, उभं राहवत नव्हतं म्हणून पातळ आहे. हा लाल औषधवाल्याचा, टिल्लूच्या वेळचा. ही सगळी पांढरी म्हणजे दवाखान्याच्या खोल्यांचे आकडे, कंटाळा आला होता बाई." ती सांगत होती आणि मी बघत होते. आम्ही शाळेत असताना ती एवढं सगळं जगत होती आणि संध्याकाळी चहा देताना त्यातलं अक्षरही बोलत नव्हती.

साधारण मध्यावर आल्यावर तिचं बोट एकदम दोन-चार थर ओलांडून वर गेलं.

"हे मधलं काय आहे?" टिल्लूने भिंग लावलं. "हा रंग नाहीये. धूळ बसलीये. ही काळपट रेघ बघ ना ताई. बरेच महिने कोणी हातच लावला नसेल तर अशी बसेल."

"कासव रुसलं होतं ते हेच का?" मी विचारलं. मी सहावीत असताना एकदा पाट्या संध्याकाळीही कोऱ्याच राहायला लागल्या होत्या. बाबा दमलेले, चिडलेले, उशिरा घरी यायचे. विचारलं तर म्हणायचे, कासव रुसलंय.

"हं," आई म्हणाली.

"का रुसलं होतं?" टिल्लूने विचारलं.

"असंच. कंटाळा आला होता." आणि हे म्हणताना तिने टेबलावरचा डावा हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

तो हात पदराआड गेलेला बघितला आणि मला ते आठवलं. आठवलं म्हणजे अंगावर आलं. सहावीत मला चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं. आई समारंभाला आली होती. सगळ्यांसमोर तिने माझ्या गालावरून हात फिरवला, आणि शेजारच्या मुलीने नाक दाबलं. घरी येताना मी आईला म्हटलं, तू शाळेत येत जाऊ नकोस, तुझ्या हाताला रॉकेलचा वास येतो. मला वाटायचं तो स्टोव्हचा वास आहे. रंगाचे हात रॉकेलनेच धुवावे लागतात हे मला तेव्हा ठाऊक असूनही, बाबांच्या हाताला तोच वास येत असूनही, आणि बाबांचा तो वास मला आवडत असूनही, मी हे आईला म्हटलं होतं. तिने रस्ताभर डावा हात पदराआड ठेवला होता, आत्ता ठेवला तसा.

"आई," मी म्हणाले, "मी म्हटलं होतं ना तुला. वासाचं."

"लहान होतीस."

"म्हणून तू यायचं बंद केलंस."

"सात महिने," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "अगं, रडतेस काय. लहान पोर बोलते कधी कधी. मलाच लागलं जास्त. साबण लावला, लिंबू चोळलं, जाईना. म्हटलं, नको ते रंगच."

टिल्लूला हे नवीन होतं. तो एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग सगळे पुरुष करतात तसं त्याने पुन्हा हातातल्या कामात डोकं घातलं. धुळीच्या रेघेवर त्याने भिंग धरलं.

"हिच्या लगेच वर पण काहीतरी आहे. पांढरं. रंग नाही हा, तंतू दिसतायत. कागद आहे. घडी घातलेला कागद."

"चिठ्ठी आहे ती," आई म्हणाली.

"कोणाची?"

"हिची. कासवाला लिहिलेली."

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आईला मात्र पाठ होती. एक दिवस बाबा दुकानातून वहीचा एक कागद घेऊन घरी आले आणि त्यांनी तो तिच्या हातात दिला. कासवा, माझं काही चुकलं असेल तर मला शिक्षा कर पण तू परत ये, बाबांना एकट्यांना जमत नाही, मी उद्यापासून अख्खं बिस्कीट देईन. खाली माझं नाव आणि तुकडी.

"दुसऱ्या दिवशी आले मी," आई म्हणाली. "एवढं मागितल्यावर कोण रुसून बसेल? चिठ्ठी घरी ठेवली तर तुमच्यापैकी कोणाला तरी सापडली असती. म्हणून कासवावरच ठेवली आणि वरून ब्रश पुसला. ओला रंग होता, बसली चिकटून."

मी त्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिले. नखाच्या कडेइतकी जाड होती. खाली सात महिन्यांची धूळ, वर पोपटी, नारिंगी, पुन्हा निळा, पुढची सगळी वर्षं.

"चुकलं माझं, आई." एक्केचाळीस वर्षं उशिरा, पण मी तोंडाने म्हणाले.

"ते तू तेव्हाच लिहून दिलं होतंस," आई म्हणाली. "अक्षर मात्र भयंकर. पेंटरची पोर आणि असं अक्षर. मला दोनदा वाचावी लागली."

मी हसायला गेले आणि हुंदकाच आला. टिल्लूने भिंग काढून ते सदऱ्याला पुसायला सुरुवात केली आणि बराच वेळ पुसत बसला.

बाबांची आकृती मी फाडली नाही. आईनेच अडवलं. फक्त टिल्लूने आणि मी ती भिंतीवरून सोडवून तीन फूट उजवीकडे सरकवली, त्यांच्या फडक्याच्या खिळ्याकडे, आणि डावीकडे मोकळ्या झालेल्या जागेत नवा कागद ताणला. आईला टेबलापाशी, तिच्या जागी उभं केलं. "मला कशाला उभी करतेस, पाय दुखतात, मटार तसेच राहिलेत," असं सगळं म्हणत ती उभी राहिली. मी कोळसा घेतला. डोक्यापासून सुरुवात केली, खांदा, कोपर. डावा हात तिने अजून पदरातच ठेवला होता.

"हात बाहेर काढ, आई."

"राहू दे की तो. एवढा काय महत्त्वाचा आहे."

मी कोळसा खाली ठेवला, पदर सोडवला, आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून कागदावर उघडा टेकवला. पाचही बोटं नीट पसरवली. मग एकेका बोटाच्या कडेने रेघ मारत गेले, सावकाश, कुठेही न तुटू देता.